बिनलायसनची गाडी

आईसाठी गाडी निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. याच कारणाने आजवर बरीच कामं माझ्याकडे आली आहेत. विजेचं बिल जास्त का आलं, पीक विम्याचा मेसेज काय म्हणतो, काकूच्या सोनोग्राफीच्या कागदावर काय लिहिलंय, शेजारच्या आजीचा अंगठा मशीनवर का उमटत नाही. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. यातलं काही मला कोणी शिकवलेलं नाही. पण समोर कागद धरून सगळे तोंडाकडे बघत बसले की 'मला माहीत नाही' एवढे तीन शब्द बाहेर पडत नाहीत. मी आधी वाचल्यासारखं करते, मग खरंच वाचते, आणि जेवढं समजलं त्यात थोडं माझ्या मनाचं घालून सांगते. हे लिहिताना बरं वाटत नाही. पण पुढचं सगळं यातूनच झालं, म्हणून आधी सांगून टाकलं.

आमचं गाव भातकुली तालुक्यात, खारपाण पट्ट्यात. मी अमरावतीला होस्टेलवर राहते आणि शनिवारी घरी जाते. बाबांकडे चार एकर शेत, एक बैलजोडी आणि एक सायकल. आई गावची आशा सेविका आहे. गरोदर बाईची नोंद ठेवायची, तिला तपासणीला न्यायचं, बाळंतपणानंतर ठरलेल्या दिवशी घरी जाऊन बाळ बघायचं, हे तिचं काम. तिसरा दिवस, सातवा, चौदावा, असं बेचाळिसाव्या दिवसापर्यंत. बाळाचे दिवस पाऊस बघत नाहीत, ऊन बघत नाहीत. गावात हे निभतं. पण आईकडे नाल्यापलीकडची वस्तीही आहे. थोडा डांबरी रस्ता, मग पांदण म्हणजे शेतांतली कच्ची गाडीवाट, मग नाला, मग पुन्हा पांदण. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास. अकरा वर्षं ती हे पायी करत आली.

मागच्या हिवाळ्यात तिचा उजवा गुडघा धरला. डॉक्टरांनी फोटो काढला आणि चालणं कमी करा म्हणाले. आईने मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी वस्तीवर गेली. मग हळूहळू जाणं लांबू लागलं. सातव्या दिवसाचं बाळ ती नवव्या दिवशी बघू लागली. आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या बाई घरी आल्या, चहा घेतला, आणि आईचा हात हातात धरून म्हणाल्या, "ताई, तुमचं काम चांगलं आहे, माहीत आहे मले. पण वस्तीवरच्या बाया मागे पडून राहिल्या. पावसाळा जाऊ द्या, घटस्थापनेपर्यंत पाहू. नाही जमलं तर दुसरी बाई पाहा लागीन." त्या वाईट बोलल्या नाहीत. त्यामुळे रागही धरता येईना.

दुसरी बाई बघायची म्हणजे वस्ती जाणार, आणि वस्ती गेली की गावही फार दिवस राहणार नाही, हे आईला कळत होतं. तिने त्या रात्री भाकऱ्या करताना एवढंच म्हटलं, "एखादी लुना असती तर झालं असतं."

आमच्याकडे दुचाकीची नावं तीनच. पुढे टाकी असते ती फटफटी, तिला किती का गिअर असोत आणि ती कोणाची का असो. पाय ठेवायला पाटा असतो ती स्कूटी. आणि उरली ती लुना. बैलाची ती बंडी, ती यात येत नाही. गावात एकाने गेल्या वर्षी विजेवर चालणारी आणली तेव्हा तिचं काय करावं हा प्रश्न पडला होता. कोणी तिला बॅटरी म्हणायचे. "बॅटरी घेऊन गेला" असं. मला ही नावं लहानपणी काही वाटली नव्हती. होस्टेलवर आल्यावर वाटू लागली. माझ्या खोलीतल्या मुली 'ईव्ही' म्हणतात. एकदा मी बोलता बोलता फटफटी म्हणाले, तेव्हा त्या हसल्या. वाईट भावनेने हसल्या नाहीत. पण मी त्यानंतर तो शब्द अमरावतीत वापरला नाही.

विजेवरची घ्यायची हे मी ठरवलं. पेट्रोलसाठी भातकुलीला जावं लागतं, आणि घरी चार्जिंग होईल, हा विचार चुकीचा नव्हता. मग मी पंधरा दिवस वाचलं. अर्थशास्त्राच्या वहीच्या मागच्या पानांवर रकाने आखले. एका चार्जिंगमध्ये किती जाते, बॅटरी शिशाची की लिथियमची, चार्ज व्हायला किती तास, मोटर किती वॉटची, वजन किती. यातलं निम्मं मला समजलं नव्हतं, पण रकाने भरले की समजल्यासारखं वाटतं. परीक्षेतही माझं असंच होतं.

वैशाखात आईला घेऊन मी अमरावतीत दुकानं फिरले. पहिलं दुकान थंडगार होतं. आईने चपला बाहेर काढल्या. मी म्हटलं, काढू नको, तर तिने पुन्हा घातल्या. एक माझ्याच वयाचा मुलगा पुढे आला. आईने त्याला विचारलं, "दादा, ही लुना किती वजन घेते?"

तो हसला. "मावशी, लुना कुठली आता. ही ई-स्कूटर आहे."

"हाव, तेच. मागं एक बाई बसली तर घेते का?"

"घेते ना मावशी, सगळं घेते." असं म्हणून तो माझ्याकडे वळला. "मॅडम, तुम्हाला स्पेसिफिकेशन सांगू?"

मला कोणी मॅडम म्हटलेलं ऐकायची सवय नाही. मी वही काढली. त्याने मला एक प्रश्न विचारला, मी उत्तर दिलं, आणि त्या दोन-चार मिनिटांत मी आईपासून बरीच लांब गेले. मागून आई काहीतरी विचारत होती. मी वळून हळूच म्हटलं, "आई, तू नको बोलू. मी विचारते सगळं."

त्यानंतर कुठल्याच दुकानात आई स्वतःहून बोलली नाही. ती गाड्यांच्या मागे फिरत राहिली. एका गाडीपाशी ती दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकली आणि चाक आणि मडगार्डच्या मधल्या फटीत तिने बोटं घातली. चार बोटं आत गेली नाहीत, दोन गेली. मला वाटलं, ती नवलाईने हात लावून बघते आहे. दुकानातला माणूस बघत होता. मी म्हटलं, "उठ ना आई."

तिसऱ्या दुकानात ती गाडी मिळाली. निळी, छोटी, हलकी. दुकानदार म्हणाला, "ही कमी वेगाची. हिला लायसन नको, पासिंग नको, नंबर प्लेट नको. चावी फिरवली, निघाले."

लायसन नको हे ऐकलं आणि माझ्यापुरता प्रश्न मिटला. आई आठवीपर्यंत शिकलेली. लायसनसाठी परीक्षा असते, संगणकावर बसावं लागतं, खुणा ओळखाव्या लागतात. आई तिथे ओळीत उभी आहे, तिला काही येत नाही आणि मागचे लोक घाई करतात, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं. मी तिला त्यातून वाचवते आहे असं मला वाटलं. आजही वाटतं की हेतू वाईट नव्हता. मी तिला विचारलं नाही एवढंच.

"हीच घेऊ ना?" मी म्हटलं.

आईने गाडीकडे पाहिलं, मग माझ्या वहीकडे. "तू म्हणशीन ते," ती म्हणाली.

उन्हाळाभर सगळं बरं चाललं. आई शाळेच्या मैदानावर गाडी शिकली. मी आणि बाबा कडुनिंबाखाली बसायचो. बाबा स्वतः आयुष्यात काही चालवलेलं नसताना सूचना करायचे. "ब्रेक दाब. अवं, दोन्ही दाब. एकच काहून दाबून राहिली?" गाडीला आवाज नाही याची गावाला फार अडचण झाली. आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "व माय, हे मागून येते आणि समजतच नाई. माणसानं पाणी भरा का पाठीमागं पाहा?" मग आई कोपऱ्यावर आली की तोंडाने 'ओ, सरका' म्हणायची. पांदण तेव्हा कोरडी होती. वस्तीवर ती वीस मिनिटांत पोचायची. जूनमध्ये मी अमरावतीला परत आले तेव्हा माझ्या डोक्यावरचं एक ओझं उतरलं होतं. मी मैत्रिणींना सांगितलंसुद्धा, आईसाठी ईव्ही घेतली म्हणून.

पुढचे पाच शनिवार मी घरी गेले नाही. अंतर्गत परीक्षा होत्या, आणि खरं सांगायचं तर मी दमले होते. फोनवर आई बरंय म्हणायची. गाडी कशी आहे विचारलं की, "बेस हाय" म्हणायची.

आषाढ संपत आला तेव्हा मी घरी गेले. ओसरीत गाडी उभी होती, तिच्यावर आईचं जुनं लुगडं पांघरलेलं, चार्जरची वायर नीट गुंडाळून खुंटीला लावलेली. बाबा दोरी वळत बसले होते.

"आई कुठे आहे?"

"वस्तीवर गेली."

"गाडी तर इथे आहे."

"मंग पायीच गेली असन ना." बाबांनी दोरी खाली ठेवली. "तुले सांगू नोको म्हणे. पण आता तू पाहूनच राहिली. दोनदा फसली ते. गारा असा भरते ना चाकात, मडगार्डच्या आत, चाक फिरतच नाई. मोटर नुसती हुं हुं करते आन बंद पडते. खुरप्यानं खरडून काढला मी. दुसऱ्या टायमाले तिनं एकटीनं ओढत आणली डांबरीपर्यंत. गुडघा हा एवढा झाला."

आमची माती ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, हात जाईल एवढ्या. पाण्याने ती फुगते आणि चिकटते, त्या चिखलालाच आम्ही गारा म्हणतो. चपलेला धरली की चप्पल पायातून काढून घेते. मी याच मातीत वाढले. शाळेत जाताना सायकलच्या चाकातून काडीने गारा काढत काढत गेले आहे. तरी माझ्या वहीतल्या सगळ्या रकान्यांत मातीचा रकाना नव्हता. मला वाटत होतं, दुकानात विचारायच्या गोष्टी वेगळ्या असतात, कुठेतरी लिहिलेल्या असतात. माती ही आपल्या घरची गोष्ट, ती तिथे काय काढायची.

आई अंधार पडायच्या आत आली. ओसरीच्या पायरीवर बसली, उजवा पाय सरळ केला आणि मला पाहून हसली.

"केव्हा आली व माय? जेवली?"

"आई, मला सांगितलं का नाही?"

"काय सांगू? गाडी बेस हाय. उन्हाळ्यात चालवीन."

"आणि पावसाळ्यात?"

"तुही परीक्षा होती." मग थोडं थांबून, "तू एवढं वहीत लिहून लिहून घेतली. वाईट वाटलं असतं तुले."

मी विचारलं, "दुकानात तू चाकाखाली बोटं घालून काय बघत होतीस?"

"गारा निघीन का नाई, ते."

"मग बोलली का नाहीस?"

ती पायावरचा चिखल नखाने काढत राहिली. मलाच आठवलं, मी तिला काय म्हटलं होतं ते. बाबा उठून बैलांकडे गेले. त्या दिवशी आई चौदाव्या दिवसाच्या बाळाला सतराव्या दिवशी बघून आली होती, हे मला तिच्या रजिस्टरवरून कळलं.

अमरावतीच्या दुकानदाराने गाडी परत घ्यायला नकार दिला. त्याचंही बरोबर होतं, गाडीत बिघाड नव्हता. मला दोन दिवस काय करावं ते कळत नव्हतं, म्हणून काहीच केलं नाही. मग मामाला फोन केला. मामा अकोल्याला डाळ मिलमध्ये कामाला आहे आणि जुन्या शहरात राहतो. तो म्हणाला, "गाडी आनू नोको. पयले बाईले घेऊन ये." बाई म्हणजे माझी आई, त्याची मोठी बहीण. "आमच्या गल्लीच्या टोकाले एक मिस्त्री हायेत. जुन्या गाड्या घेतेत, देतेत. त्याईले इचारू."

आम्ही एसटीने गेलो. मूर्तिजापूरपर्यंत आईला खिडकी मिळाली नाही, पाय दुमडूनच बसावं लागलं. अकोल्याला उतरल्यावर ती स्टँडच्या खांबाला धरून थोडा वेळ उभी राहिली. आम्ही दोघी एकमेकींशी फार बोलत नव्हतो. भांडण नव्हतं. दोघी थकलो होतो.

मिस्त्री म्हातारे होते, पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, हात कोपरापर्यंत काळे. मामा त्यांना चाचा म्हणत होता. दुकान म्हणजे गल्लीत उघडणारी एक खोली. बाहेर चार-पाच जुन्या गाड्या, आत एका पाटावर बॅटऱ्या उघडून ठेवलेल्या. मी वही काढली आणि सांगायला सुरुवात केली, मोटर किती वॉटची, बॅटरी कुठली. त्यांनी ऐकून घेतलं. मग माझ्याकडून नजर काढून आईकडे पाहिलं.

"गाडी कोन चालवते?"

"मी," आई म्हणाली.

"बैठो बाई, बैठो. उभ्या नोका राहू." त्यांनी स्टूल पुसून पुढे सरकवलं. "रस्ता कसा हाय तुमचा?"

हा प्रश्न आतापर्यंत कोणी विचारला नव्हता. मीसुद्धा नाही. आई बसली आणि सांगू लागली. डांबरी कुठे संपते, पांदणीत बंडीच्या चाकोऱ्या किती खोल आहेत, नाल्याचा उतार कुठल्या बाजूने बरा, पाऊस उघडल्यावर दुसऱ्या दिवशीचा गारा पहिल्या दिवसापेक्षा वाईट कसा, कारण तो सुकत आलेला असतो आणि सोडत नाही. मी तिला एवढं बोलताना परक्या माणसासमोर कधी पाहिलं नव्हतं. चाचा मधे मधे विचारत होते. पिशवी कुठं ठेवता? वजनकाटा सोबत असते का? मागं कोनाले बसवा लागते का? कधी पोटुशी बाई? पाय जमिनीले पुरा टेकते का?

"दुकानात मी लुना म्हटलं तर हसला पोट्टा," आई म्हणाली. तिने हे इतक्या महिन्यांनी सांगितलं.

"हसू द्या. त्याले गाडी इकाची हाय, तुमाले चालवाची हाय." चाचांनी बाहेरच्या गाड्यांकडे बोट केलं. "देखो, लोक लुना म्हनते तर काई कंपनीचं नाव नाई घेत. मोठं चाक, बारीक टायर, मडगार्ड उघडं, मधात सामान ठेवाले जागा. इतकं सारं एका शब्दात सांगते. स्कूटी म्हनलं तर पाय ठेवाले पाटा, लहान चाक, चारी बाजूनं प्लास्टिक. शयरात चांगली. तुमच्या पोरीनं तुमाले स्कूटी घेऊन देली, बैटरीवाली. गाडी खराब नाई. रस्ता तिचा नाई."

मला वाटलं, मामा हसेल. तो हसला नाही. मी वही बंद केली.

आत कोपऱ्यात एक गाडी होती. विजेवरचीच, पण मोपेडसारखी, मोठ्या चाकांची. एका दूधवाल्याने वर्षभर वापरून मोठं वाहन घेतलं म्हणून विकलेली. आई उठून तिच्याजवळ गेली. तिने चाकावर हात ठेवला आणि मडगार्डखाली बोटं घातली. सगळा पंजा गेला.

"पन बाई," चाचा म्हणाले, "हिले लायसन लागीन. हे पासिंगची हाय."

मी लगेच म्हटलं, "चाचा, आईला लायसन काढायचं म्हणजे परीक्षा असते, संगणकावर..."

"काढीन," आई म्हणाली.

"आई, त्यात खुणा ओळखायच्या असतात. वेळ लावलेली असते."

आईने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. "मी अकरा वर्षं झाले टरेनिंगले जाऊन राहिली. तिथं परीक्षा नाई होत का? तू मले इचारलं कदी?"

गल्लीतून कोणी तरी हातगाडी नेत होतं, तिला वाट द्यायला मामा बाजूला झाला. मी वही पिशवीत टाकली.

चाचांशी अदलाबदल ठरली. निळी गाडी मामाने एका मालवाहू टेम्पोतून अकोल्याला नेली आणि त्याच टेम्पोतून दुसरी पाठवली. ती निळी गाडी आता जुन्या शहरातली एक शिवणकाम करणारी बाई वापरते. तिला ती आवडली, असं मामा म्हणतो. बरं वाटलं ऐकून.

मग परीक्षेची तयारी. मी मोबाईलवर रस्त्याच्या खुणा दाखवायचे, आई सांगायची. तिला त्या माझ्यापेक्षा लवकर पाठ झाल्या. 'पुढे अरुंद पूल', 'गुरांपासून सावध', 'थांबण्यास मनाई'. चुलीपाशी बसून ती स्वतःशीच म्हणायची. बाबांनाही काही काही पाठ झाल्या. श्रावणात आम्ही अमरावतीच्या परिवहन कार्यालयात गेलो. मला आत सोडलं नाही. मी बाहेर चिंचेखाली उभी राहिले. आई बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पाहूनच कळलं.

"काय झालं?"

"सारं येत होतं," ती म्हणाली. "मी बोटानं दाबून राहिली, ते होयेच ना. वेळ निघून गेला."

तिने पडद्यावर बोट ठेवलं होतं, मोबाईलवर ठेवतात तसं. आशांची सगळी माहिती ती मोबाईलवर भरते, तिथे बोट चालतं. माऊस तिने कधी धरला नव्हता, आणि तो बाजूला पडलेला कशासाठी असतो हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मी सगळ्या खुणा शिकवल्या आणि हे सांगितलं नाही. मला तेव्हा तिथेच चिंचेखाली बसून राहावंसं वाटलं. आपण किती ठिकाणी असं गृहीत धरतो, याचा हिशोब लागत नव्हता.

"आता?" मी विचारलं.

"आता ते उजव्या हाताचं शिकू," आई म्हणाली आणि बाटलीतलं पाणी प्यायली.

होस्टेलजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात संगणक आहे. दुकानाच्या काकांना विचारून आई तिथे तीन दिवस दुपारी बसली. माऊस सरकवायची, बाण दुसरीकडेच जायचा. तिची बोटं जाड झालेली, दाबलं की दोनदा दाबलं जायचं. काका म्हणाले, "ताई, हळू. अंडं धरल्यासारखं धरा." मी शेजारी उभी राहायचे. आता मी मधे बोलत नव्हते. एकदा तिने स्वतःहून विचारलं, तेव्हा सांगितलं.

दुसऱ्या वेळी ती बाहेर आली, चपला नीट केल्या आणि म्हणाली, "झालं." एवढंच. आम्ही रसवंतीवर बसलो, पण उसाचा रस घ्यायचं सुचलं नाही. थोडा वेळ नुसत्या बसून उठलो. महिन्याने मैदानावर गाडी चालवून दाखवायची परीक्षा झाली, ती तिला सोपी गेली.

या मधल्या दिवसांत वस्तीवर शेजारच्या गावच्या आशाताई जाऊन येत होत्या, आई जमेल तेव्हा पायी जात होती. देखरेखीच्या बाईंना आईने सगळं सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "ठीक आहे, घटस्थापनेपर्यंत म्हटलं होतं ना मी." लायसन आलं तेव्हा घटस्थापनेला नऊ दिवस राहिले होते.

त्यानंतरच्या शनिवारी मी घरी होते. आदल्या रात्री पाऊस झाला होता. वस्तीवर एक बाळ सात दिवसांचं होणार होतं. आई म्हणाली, "माह्यासंग चालतं का?" मी पिशवी आणि वजनकाटा मांडीवर घेऊन मागे बसले. डांबरी संपली. पांदणीत शिरताना आईने वेग कमी केला आणि दोन्ही पाय बाजूला काढले. गाडी डुलत होती. चाक गारा उचलायचं, वर न्यायचं आणि टाकून द्यायचं. माझे कपडे पाठीपर्यंत भरले. नाल्यापाशी मला उतरावं लागलं. उतारावर आई एकदा कलली, पाय टेकला तेव्हा तिच्या तोंडातून एक आवाज निघाला आणि मला कळलं, गुडघा बरा झालेला नाही. गाडीने तो बरा होणारही नव्हता. पण ती थांबली नाही, पलीकडे चढली आणि मागे वळून माझी वाट पाहत राहिली.

हे किती वर्षं चालेल, मला माहीत नाही.

बाळंतिणीचं घर वस्तीच्या शेवटी होतं. दारात सासू उभी होती. "आज बरोबर दिवशी आल्या ताई," ती म्हणाली. आईने नळावर हात धुतले, साबण लावून, कोपरापर्यंत, आणि पिशवी घेऊन आत गेली. मला म्हणाली, "तू बाहेर थांब, तिले लाज वाटीन." मी ओट्यावर बसले. आतून बाळाच्या रडण्याचा आवाज आला, मग थांबला. मग आईचा आवाज येऊ लागला, एकसारखा, घाई नसलेला.

"पीते का चांगलं? दिवसातून कितीदा? रात्री उठते? तुले ताप आला होता का? अंगावरून जास्त जाते का? लाजू नोको, सांग. सकाळी काय खाल्लं? आणि काल? तूच बनवलं का कोणी देलं?"

ती प्रत्येक प्रश्नानंतर थांबत होती. पोरीचं उत्तर मला ऐकू येत नव्हतं. ते येईपर्यंत आई पुढचा प्रश्न विचारत नव्हती.